सायत्राबाईच्या घरातली जागा

भाविकहो, निवांतनाथ महाराजांचा चातुर्मास त्या वर्षी सावरटोल्याला होता. सावरटोला हे भातशेतीच्या मुलखातलं एक लहानसं गाव. गावाच्या वरच्या अंगाला जुना मोठा तलाव, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चिंचेची झाडं, आणि सांडव्यातून निघून गावाला वळसा घालत खाली जाणारा नाला. महाराज उतरले होते मारुतीच्या देवळाच्या पडवीत. एक घोंगडी, एक तांब्या, आणि चालताना टेकायला बांबूची काठी. एवढाच त्यांचा संसार.

महाराजांचं मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी रडत आलं, कुणी भांडत आलं, कुणी उगीच घाईत आलं, की महाराज म्हणायचे, "निवांत, बाबा, निवांत. आधी बस तर खरं." म्हणून लोकच त्यांना निवांतनाथ म्हणू लागले, आणि महाराजांनीही ते नाव हसत हसत घेतलं.

संध्याकाळी पडवीत भजन होई, मग महाराज थोडं बोलत. सगळं गाव जमे. पुढे सतरंजीवर खुशालराव पाटील आणि त्यांची मंडळी, मागे बाकीचे, आणि सगळ्यांच्या मागे, जिथे वहाणा काढून ठेवलेल्या असत तिथे खांबाला टेकून बसे सायत्राबाई. डोमा ढिवराची ती बायको. नवरा तलावात जाळं टाकी, ती मासळी विके, हंगामात शिंगाडे काढून उकडून विके. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून बायका जरा अंतर राखून बसत, आणि सायत्रालाही ते आता अंगवळणी पडलं होतं. महाराजांचं बोलणं तिला सगळं कळे असं नाही. पण ते बोलायला लागले की दिवसभराचा शीण उतरे, एवढं मात्र तिला कळे.

तिच्या मनात एकच इच्छा घर करून राहिली होती. महाराजांनी एकदा तरी आपल्या घरी यावं. इच्छा सोपी, पण बोलून दाखवायची छाती होईना. दसरा झाला, दिवाळी जवळ आली, कार्तिकी एकादशी झाली की महाराज गाव सोडतील असं लोक बोलू लागले, तेव्हा एके संध्याकाळी भजन संपताच ती उठली आणि खांबाजवळूनच म्हणाली, "महाराज, माह्या घरी येता का जी एकडाव?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. खुशालराव पाटलांना तर हसूच आवरेना. पाटलांनी त्याच वर्षी नवं घर बांधलं होतं, दगडी जोत्याचं, शंभर माणसांची पंगत बसेल अशा सोप्याचं, आणि महाराजांना तिथे बोलवायचा बेत त्यांच्या मनात घोळत होता. ते म्हणाले, "अवो सायत्राबाई, महाराजांना बसवशील कुठं? महाराज आत बसले तर तुम्ही बाहेर, अन् तुम्ही आत बसले तर महाराज बाहेर!"

पडवीभर हशा पिकला. सायत्राच्या कानशिलांवर आग उठली. पाटील बोलले ते खोटंही नव्हतं. नाल्याच्या काठाला एक टेकाड होतं. तलाव खणताना निघालेली माती कधीकाळी कुणी तिथं टाकली असेल. त्यावर तिची ती एकुलती एक खोली. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात जाळी, वर तणसाचं, भाताच्या पेंढ्याचं छप्पर. डोमा, सायत्रा, डोमाची म्हातारी आई आणि दोन पोरी निजल्या की एकाला कूस बदलायची तर सगळ्यांना बदलावी लागे.

हसू ओसरेपर्यंत महाराज थांबले. मग म्हणाले, "येईन, बाई. परवा सकाळीच येईन. आणि तासाभरासाठी नाही हो, दिवसभर राहीन. चालेल ना?"

सायत्राने मान हलवली.

पाटील जाता जाता म्हणाले, "जा महाराज, जरूर जा. पण आधी अंग आखडून बसायची सवय करून घ्या म्हणजे झालं."

महाराज म्हणाले, "बघू, पाटील. कुणाला आखडून बसावं लागतं ते बघू."

दुसरा दिवस सायत्राने घर सारवण्यात घालवला. जाळी बाहेर नेऊन टेकाडाच्या उतारावर वाळत टाकली, मडकी घासली, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात दिला. तरीही संध्याकाळी दारात उभी राहून तिने श्वास ओढला आणि रडकुंडीला आली. "जात नाही जी हा वास! पिढ्यान्‌पिढ्यांचा हाये, एका दिवसात कसा जाईन!" डोमा म्हणाला, "महाराजांना आपन ढिवर हावो हे मालूम हाये. राहू दे आता." म्हातारी मात्र मनातून खूश होती. तिने आपलं जपून ठेवलेलं लुगडं घडी घालून महाराजांच्या आसनासाठी काढून दिलं.

ठरलेल्या दिवसाची सकाळ उजाडली ती विचित्रच. आभाळ तांब्याच्या हंड्यासारखं लालसर काळं, वारा अजिबात नाही, पाखरांचा आवाज नाही. परतीचा पाऊस सगळ्यांनी पाहिलेला, पण असं आभाळ कुणी पाहिलं नव्हतं. महाराज काठी टेकत आले, दाराशी वाकले आणि आत शिरताच त्यांनी मोठ्याने श्वास घेतला. सायत्रा लाजेने चूर झाली.

"वा!" महाराज म्हणाले. "तलावाचा वास येतोय. गार वाटलं बघ."

म्हातारी खुदकन हसली. सायत्राने पदराने डोळे पुसले आणि शिंगाडे उकडायला ठेवले. महाराज लुगड्याच्या घडीवर मांडी घालून बसले, पोरींना मांडीशी घेऊन त्यांच्याशी गप्पा मारू लागले, आणि त्याच घटकेला वारा सुटला.

सुटला म्हणजे काय, कोसळला! चिंचेच्या फांद्या कडाडून मोडल्याचा आवाज टेकाडापर्यंत आला. मागोमाग पाऊस. सरळ पडणारा पाऊस नव्हे, आडवा, अंगावर खडे मारल्यासारखा. गावातल्या घरांच्या छपरांवरचे कवेलू पानांसारखे उडू लागले. डोमाने दाराला बांबूचा तट्टा लावला आणि तो पाठीने दाबून धरला. छप्पर वर उचललं जाई आणि पुन्हा खाली बसे. पोरी महाराजांना बिलगल्या.

तेवढ्यात तट्ट्यावर कुणी धडका मारल्या. पाटलांचा गडी होता, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. "महाराज, पाटलांनी निरोप धाडला जी. पक्क्या घरी चला म्हनतेत. हे छप्पर काही राहात नाही. नाला बी भरून आला, मंग याले रस्ता राहनार नाही."

सायत्राच्या मनात आलं, महाराजांना काही झालं तर? ती हात जोडून म्हणाली, "महाराज, तुमी जा जी. आमी पाहू आमचं. तुमी आले, पाय लागले, माह्या मनाचं झालं."

"तुझे शिंगाडे उकडले नाहीत अजून," महाराज म्हणाले. मग गड्याकडे वळून म्हणाले, "पाटलांना सांग, त्यांनी आठवण केली, बरं वाटलं. आणि सांग की तिकडे जागा कमी पडली, तर त्यांनीच इकडे यावं."

गड्याने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा त्या खोलीकडे पाहिलं, आणि तो पावसात पळत गेला.

दुपारपर्यंत नाला दोन्ही काठ सोडून वर आला. सावरटोल्याची बहुतेक घरं मातीची. पाणी आधी अंगणात आलं, मग चुलीत शिरलं, मग भिंतींची माती सुटू लागली. तलावाच्या पाळीकडे जायची वाट नाल्याने केव्हाच गिळली होती. खाली शेतं म्हणजे समुद्र. उघडी जमीन राहिली होती ती एकच, सायत्राचं टेकाड. आणि त्या वाऱ्यापावसात उघड्यावर उभं राहणं म्हणजे गारठून मरणं.

पहिल्यांदा आला कुंभाराचा सगळा कुटुंबकबिला, तान्ह्या लेकरासकट. डोमाने तट्टा बाजूला केला. सायत्रा चुलीपाशी होती, पाठ भिंतीला लागलेली. कुंभारीण दारातच थांबली. आत बसायला जागाच दिसेना.

"बाई," महाराज म्हणाले, "थोडी सरक."

सायत्राला वाटलं, सरकू कुठे? मागे भिंत आहे. पण महाराजांनी सांगितलं म्हणून ती सरकली, आणि सरकता आलं. कुंभाराचं घर सगळं आत येऊन बसलं.

मग सुताराकडची आली, सोबत दोन शेळ्या. मग विणकराच्या घरची. मग देवळाचे गुरव, मारुतीची लहान मूर्ती उराशी धरून, थरथरत. असं करत एकेक घर येतच राहिलं. दर वेळी महाराज म्हणत, "बाई, थोडी सरक. डोमा, पोरींना इकडे घे. हं, या, आत या. निवांत बसा." दर वेळी सायत्रा सरके आणि दर वेळी जागा निघे. कोण कुणाच्या शेजारी बसलं, कुणाच्या गुडघ्याला कुणाचा गुडघा लागला, ते पाहायची उसंत कुणालाच नव्हती. गुरवांच्या खांद्याला डोकं लावून सुताराची सून झोपी गेली होती.

सायत्रा हातातल्या पळीने शिंगाड्याचं गरम पाणी वाट्यावाट्यांतून लेकरांना पाजत होती. ते संपलं, तेव्हा तिने नुसतं पाणी गरम केलं. एकदा ती आधार घ्यायला मागे हात टाकायला गेली. हात मागे गेला, आणखी मागे गेला, आणि भिंत काही लागेना. तिने हात हळूच मांडीवर परत आणला आणि पुन्हा मागे पाहिलं नाही.

विणकराकडची एक म्हातारी मोठ्या धीराची. ती बोटावर माणसं मोजू लागली. "महाराज, हे एवढे लोक या एका खोलीत..."

"म्हातारे, मोजू नकोस," महाराज म्हणाले. "मोजलीस की दाटी होईल."

म्हातारीने झटकन मूठ मिटली. सगळे हसले. त्या आकांतातसुद्धा हसले! आणि हसण्याने की कशाने, सगळ्यांच्या अंगात थोडी ऊब आली.

आता खुशालराव पाटलांचं काय झालं, तेही ऐका. दगडी जोतं पक्कं होतं, पण नाल्याने आपली वाट बदलली होती. पाणी थेट घराच्या मागच्या भिंतीला धडकू लागलं. जोत्याखालची माती वाहून गेली आणि ती भिंत, वरच्या माडीसकट, पाटलांच्या डोळ्यांदेखत पाण्यात आडवी झाली. घरात पाटील, पाटलीणबाई, गडी आणि पाटलांची नव्वदीला टेकलेली आई. आईला पाठीवर घेऊन, छातीभर पाण्यातून, एकमेकांचे हात धरून ती मंडळी टेकाडाला लागली.

दाराशी येऊन पाटील थबकले. बाहेरून खोली दिसत होती तेवढीच, नेहमीची, आणि आतून मात्र जत्रा भरल्यासारखा माणसांचा आवाज येत होता. पाटलांना काही उमगेना. ते पाठीवरची आई सावरत म्हणाले, "आईला तेवढी आत घ्या. ही गारठली आहे. आम्ही राहतो बाहेर. आत जागा नसेल."

आतला आवाज थांबला. सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. या वेळी मात्र महाराज "सरक" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "मी पाहुणा आहे. घर या बाईचं. तिला विचारा."

सायत्रा चुलीपाशी तशीच बसून राहिली. तिला पडवीतला तो हशा आठवला. कानशिलं पुन्हा तशीच तापली. एक शब्द तिच्या ओठांवर आला होता, अगदी तोंडापर्यंत आला होता, आणि तो बोलली असती तर त्या खोलीत कुणी तिला दोषही दिला नसता. पण पाटलांच्या खांद्यावरून त्या म्हातारीचा हात लोंबत होता, निळा पडलेला, बोटं वाकडी झालेली. तिच्या सासूच्या हातासारखाच हात. सायत्राने तो हात पाहिला आणि तोंडातला शब्द गिळला.

"अवो पाटील, बाहेर कायले उभे जी?" ती म्हणाली. "बुढीले चुलीपाशी आना. या, सगळे या. आमी सरकतो."

ती उठली आणि तिने चुलीजवळची स्वतःची जागा सोडली. महाराजांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की डोमाने ते जन्मभर लोकांना सांगितलं. पाटील वाकून आत आले. पाटलीणबाई आल्या, गडी आला. आईला सायत्राने चुलीपाशी निजवलं, आपल्या पदराने तिचे हात चोळले. आणि पाटील पाय लांब करून बसले! पाय लांब केले तरी कुणाला लागले नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाबरून पाय जवळ ओढून घेतले.

तेवढ्यात वरून एक आवाज आला. गडगडाट नव्हे, त्याहून खोल. पायाखालची जमीन थरथरली. डोमा ओरडला, "पाळ फुटली!"

तलावाची पाळ फुटली होती. सगळा तलाव गावावर येत होता. आत एकच हंबरडा उठला. बाहेरून पाण्याचा लोंढा टेकाडावर चढला, उतारावरची जाळी ओढून घेऊन गेला, अंगणातलं पेरूचं झाड मुळासकट घेऊन गेला, आणि फेसाळत दाराच्या उंबऱ्याशी आला.

महाराज उठले. काठी भिंतीशी ठेवली, आणि एखादं लेकरू तलावाच्या काठी बसावं तसे उंबऱ्यावर बसून त्यांनी दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"आलास?" ते त्या तलावाला म्हणाले. अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसे. "फार घाईने आलास रे. किती दमलास. आता जरा निवांत हो. आत लेकरं आहेत, म्हाताऱ्या आहेत. इथून वळ आणि हळूहळू खाली जा."

सायत्रा त्यांच्या पाठीमागेच उभी होती. तिने स्वतः पाहिलं. पाणी महाराजांच्या गुडघ्यांपर्यंत आलं, उंबऱ्याच्या काठाला लागलं, आणि तिथेच थांबलं. एक थेंब आत आला नाही. महाराज पाण्यात पाय हलवत होते, काहीतरी गुणगुणत होते. हळूच पाणी गुडघ्याखाली गेलं, मग पोटऱ्यांखाली, मग घोट्यांखाली. मग ओल्या मातीवर महाराजांचे पाय टेकले.

"गेला बिचारा," महाराज म्हणाले, आणि सायत्राकडे वळून म्हणाले, "बाई, पाय गारठले ग माझे."

सायत्राने त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि पुसू लागली. तिला रडू कोसळलं ते थांबेना. महाराज तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

दिवस मावळायच्या आत वारा पडला. ढगांच्या खालून तिरपं ऊन आलं आणि सगळा चिखल सोन्यासारखा चमकू लागला. माणसं बाहेर पडू लागली. कुंभार निघाले, सुतार निघाले, शेळ्या निघाल्या, गुरव मारुतीला घेऊन निघाले. निघतच राहिली माणसं. अंगणात उभे राहून लोक एकदा बाहेर आलेल्या घोळक्याकडे पाहत, एकदा त्या खोलीकडे पाहत. घरं पडली होती, धान भिजलं होतं, पुढचे दिवस कठीण जाणार होते. पण सावरटोल्यातलं एकही माणूस त्या पाण्याने नेलं नव्हतं.

सगळ्यांच्या शेवटी आत राहिले खुशालराव पाटील. त्यांची आई चुलीपाशी गाढ झोपली होती. पाटील खोलीच्या मधोमध उभे राहिले. कुणी पाहत नाही असं समजून त्यांनी दोन्ही हात दोन बाजूंना पसरले. उजव्या हाताचा तळवा एका भिंतीला लागला. डाव्या हाताचा तळवा दुसऱ्या भिंतीला लागला.

पाटील तसेच उभे राहिले, हात पसरून, कितीतरी वेळ. दारात सायत्रा कोरडं लुगडं घेऊन आली होती. तिने पाहिलं, आणि ती तशीच मागे सरली. थोर माणूस रडताना त्याच्याकडे पाहू नये असं तिला वाटलं.

पाटील बाहेर आले ते सरळ महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी हसलो होतो. मी बोललो होतो..."

महाराजांनी त्यांना धरून उठवलं. "मला कशाला सांगता? मी तर पाहुणा. मीसुद्धा आज तिच्याच घरात बसलो होतो."

पाटील सायत्राकडे वळले. हात जोडून म्हणाले, "बाई, आजच्या रात्री माझ्या आईला ठेवून घेशील का? माझ्या घरात आता जागा नाही."

"राहू द्या जी तिले," सायत्रा म्हणाली. "तुमी बी राहा. पाटलीणबाई बी राहतीन. आपन सरकून घेऊ."

ते ऐकलं आणि पाटील तिच्या दारापुढे गुडघ्यांवर बसले. सायत्रा "अवो, हे काय करता जी!" म्हणत मागे हटली, पण त्यांनी वाकून आपलं कपाळ त्या ओल्या उंबऱ्यावर टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

उठले तेव्हा उंबऱ्याची माती त्यांच्या कपाळाला लागली होती. गडी पुढे होऊन पुसायला गेला. पाटलांनी त्याचा हात बाजूला केला, आणि तसेच, मातीने माखलेल्या कपाळाने, ते गावातल्या पडलेल्या घरांकडे कोण कसं आहे ते विचारायला निघाले. निवांतनाथ महाराज उंबऱ्यावर बसून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होते, लेकराने पहिलं पाऊल टाकावं आणि आईने बघावं तसे. अशी ही संतांची माया, भाविकहो. तिच्यात आपणही थोडे सरकून बसू या.